दुकान, हॉटेल, कारखान्यासाठी अग्निशामक सिलिंडर: निवडायचा कसा आणि कामाचा ठेवायचा कसा

भोसरीतल्या एका पॅकिंगच्या गाळ्यात पाहणीला गेलो होतो. दाराशेजारी सहा किलोचा लाल सिलिंडर टांगलेला, काटा हिरव्या पट्ट्यात, वर रिफिलिंगचा नवाकोरा स्टिकर. मालकांना म्हटलं, "साहेब, जरा हुकावरून काढून दाखवता का?" त्यांनी ओढला, तो निघेना. दिवाळीला भिंत रंगवताना रंगाऱ्यानं ब्रॅकेटसकट हात मारला होता आणि सिलिंडर भिंतीला चिकटून बसला होता. शेवटी स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढला, उलटा केला, हलवला. आत काहीच सरकलं नाही. सगळी पावडर तळाशी बसून दगड झाली होती. काटा मात्र हिरव्यातच, कारण काटा फक्त आतल्या वायूचा दाब सांगतो, पावडर कशी आहे ते त्याला कळत नाही.

त्या गाळ्यात चौदा माणसं काम करत होती आणि भिंतभर पुठ्ठा रचलेला होता.

स्टिकरचा अर्थ एवढाच, की कुणीतरी येऊन स्टिकर लावून गेलं. सिलिंडर चालेल की नाही हे तुमच्या जागेतल्या, रोज तिथं वावरणाऱ्या माणसाला कळायला हवं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. निवड करताना एक दुपार द्या आणि पुढे दर महिन्याला प्रत्येक सिलिंडरमागे पाच मिनिटं.

आधी कागद-पेन, सिलिंडर नंतर

विक्रेत्याला फोन लावण्याआधी आपल्या जागेचा ढोबळ नकाशा काढा. पोटमाळा, जिना, मोरी, मागची गल्ली, सगळं. आता तीन गोष्टींच्या खुणा करा: काय पेटू शकतं, ठिणगी किंवा उष्णता कुठून येऊ शकते (डीबी म्हणजे विजेचा वितरण बोर्ड, शेगडी, वेल्डिंग, इस्त्री, देवाचा दिवा, चार्जिंगचा पॉइंट) आणि माणसं बाहेर कुठून पडणार. पहिल्या दोन खुणा जिथे जवळजवळ येतात, तिथे तुमची आग लागणार आहे. सिलिंडर त्या जागेच्या हिशेबानं घ्यायचा.

आपल्याकडे आगीचे वर्ग असे धरतात. ए म्हणजे कागद, कापड, लाकूड, पुठ्ठा अशा घन वस्तू. बी म्हणजे पेट्रोल, थिनर, रंग, तेल असे द्रव. सी म्हणजे एलपीजीसारखे वायू. डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू, ज्यांच्याशी फारच थोड्यांचा संबंध येतो. आणि एफ म्हणजे स्वयंपाकाचं उकळतं तेल-तूप. इंटरनेटवर वाचताना एक लक्षात ठेवा: अमेरिकेच्या पद्धतीत सी म्हणजे विजेची आग आणि स्वयंपाकघराच्या आगीला के म्हणतात. तिकडचा तक्ता पाहून इकडे खरेदी केलेली माणसं मला भेटली आहेत. आपल्याकडे विजेला वेगळा वर्ग नाही. मेन स्विच बंद केला, की उरते ती प्लास्टिक किंवा लाकडाची साधी आग.

कोणत्या जागेला काय

दुकान, ऑफिस, क्लिनिक, क्लास अशा बहुतेक ठिकाणी पाया एबीसी पावडरचा. ही पावडर मुख्यतः मोनो-अमोनियम फॉस्फेटची असते. ती ज्वाळेची रासायनिक साखळी तोडते आणि तापलेल्या पृष्ठभागावर वितळून थर धरते. साध्या बीसी पावडरला, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या जातीच्या पावडरला, हा थर धरता येत नाही. म्हणून कापड-पुठ्ठ्याला ती अपुरी पडते. नुसतं 'डीसीपी', म्हणजे ड्राय केमिकल पावडर, असं बिलावर लिहिलं असेल तर एबीसी की बीसी हे विचारूनच घ्या.

पण पावडर थंड करत नाही. कापडाच्या गाठी, रद्दी, पुठ्ठ्याचे गठ्ठे असलेल्या गोदामात पावडरनं ज्वाळा विझतात, आत धग राहते आणि थोड्या वेळानं माल पुन्हा पेटतो. अशा ठिकाणी पावडरच्या जोडीला ९ लिटरचा पाण्याचा सिलिंडर हवाच. पाण्याचा सिलिंडर आता जुनाट वाटतो म्हणून विक्रेते सुचवत नाहीत. कापडवाल्यांनी तो मागून घ्यावा. मात्र चालू विजेवर पाणी किंवा फोम मारायचा नाही, हे प्रत्येक कामगाराच्या डोक्यात पक्कं बसलेलं असलं पाहिजे.

डीबी, इन्व्हर्टर, संगणक यांच्यासाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर. मागे काही उरत नाही, यंत्र खराब होत नाही. पावडरनं आग विझेल, पण ती दमट हवेत सर्किट बोर्ड खाते, आणि ज्या मशीनला आग लागलीच नव्हती तेही गमवावं लागतं. सीओटूच्या दोन गोष्टी सांभाळा. तोंडाच्या काळ्या हॉर्नला हात लावू नका, बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत जातो आणि कातडी चिकटून सोलवटते. आणि बंद, लहान सर्व्हर रूममध्ये तो मारून आत थांबू नका, श्वासाला हवा उरत नाही. महागडे सर्व्हर असतील तर क्लीन एजंटचा, म्हणजे मागे काही न उरणाऱ्या खास वायूचा सिलिंडर पाहा, खर्च जास्त आहे पण तिथे तो योग्य आहे.

आता स्वयंपाकघर. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात चुकीचे सिलिंडर मला हॉटेलांच्या भटारखान्यात दिसतात. वड्याच्या कढईतलं तेल पेटलं की ते इतकं तापलेलं असतं, की ज्वाळा विझली तरी हवा लागताच आपोआप परत पेटतं. सीओटूनं ज्वाळा जाते, तेल थंड होत नाही, दहा सेकंदांत पुन्हा भडका. शिवाय जवळून झोत मारला तर उकळतं तेल उडून माणसाच्या अंगावर येतं. पाणी तर मुळीच नको: पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पट वाढतं, तळाशी गेलेलं पाणी फुटतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत जातं. या आगीसाठी वेट केमिकल म्हणजे एफ वर्गाचा सिलिंडर येतो. त्यातलं पोटॅशियम क्षारांचं द्रावण लांब नळीतून हलक्या फवाऱ्यानं पडतं, तेलाशी मिळून साबणासारखा फेसाळ थर बनवतं आणि त्याच वेळी तेल थंडही करतं. फरसाण, वेफर्स, वडापाव, मिठाई, केटरिंग असं रोज तळणाचं काम असेल तिथे हा एक तरी हवा. सोबत कढईवर बसेल असं जाड पत्र्याचं झाकण हाताशी ठेवा. ठिणगी पडल्यापासूनच्या पहिल्या क्षणी सिलिंडरपेक्षा झाकण आणि बंद केलेला बर्नर जास्त काम करतात.

आणि एलपीजी. गळतीवर पेटलेली ज्वाळा व्हॉल्व्ह बंद न करता विझवू नका. ज्वाळा गेली, गॅस येतच राहिला, तर तो खोलीभर साठतो आणि पुढची ठिणगी स्फोट घडवते. आधी व्हॉल्व्ह. तिथवर पोचायला अडथळा असेल तेवढ्यापुरतीच पावडर.

रंग, थिनर, केमिकलच्या गाळ्यांना पावडरबरोबर फोम. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असा माल असेल तर साधा फोम त्यात विरघळून जातो. अल्कोहोलला टिकणारा फोम वेगळा मागावा लागतो.

डिलिव्हरीच्या ई-बाइक दुकानातच चार्ज होतात त्या मालकांसाठी: लिथियमची बॅटरी पेटली तर पावडरनं ज्वाळा दबते, पण आतली प्रक्रिया थांबत नाही आणि ती पुन्हा पुन्हा उसळते. तिला लागतं भरपूर पाणी आणि मोकळी जागा. म्हणून चार्जिंग बाहेर जायच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर अजिबात नको.

विकत घेताना बाटलीवर काय वाचाल

आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ आयएस १५६८३ हा क्रमांक. शिवाय सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं ॲप घ्या आणि दुकानात उभ्या उभ्या तो क्रमांक टाकून बघा. परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की नाही, लगेच कळतं. मग उत्पादनाचं वर्ष बघा. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य १० वर्षं आणि सीओटूचं १५ वर्षं धरतात. दोन वर्षं गोदामात पडलेला माल घेतलात तर तेवढं आयुष्य आधीच गेलेलं असतं.

लेबलवर २ए, २१बी असे आकडेही असतात. आकडा मोठा तेवढी मोठी आग विझवण्याची ताकद. सारख्याच वजनाच्या दोन सिलिंडरांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून नुसत्या किलोवर भाव करू नका.

वजनाचा विचार मात्र उचलणाऱ्याच्या बाजूनं करा. सहा किलो पावडर म्हणजे बाटलीसकट दहा किलोंच्या आसपास. साडेचार किलोचा सीओटू भरलेला असताना पंधरा किलोंच्या घरात जातो. संध्याकाळी काउंटरवर एकटी ताई असते, रात्री वयस्कर वॉचमन काका असतात. त्यांच्या हातात उचलून बघायला द्या. ९ किलोचा एक घेण्यापेक्षा ४ किलोचे दोन घेतलेले मला केव्हाही पटतात: दोन ठिकाणी राहतात आणि एक फसला तर दुसरा असतो. एक सिलिंडर किती वेळ चालतो हेही माहीत असू द्या. जेमतेम दहा ते पंधरा सेकंद.

टांगायचा कुठे

जागेत कुठेही उभं राहिलं तरी १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. हे अंतर पावलांनी मोजा, रॅकला वळसा घालून, नकाशावरच्या सरळ रेषेनं नाही.

आगीच्या अगदी जवळ टांगू नका. शेगडीच्या वरच्या भिंतीवर लावलेला सिलिंडर आग लागल्यावर कोण काढणार? त्याची जागा भटारखान्याच्या दाराशी, डीबीच्या खोलीच्या दाराबाहेर. आग विझवणाऱ्याच्या पाठीशी बाहेरचा रस्ता असला पाहिजे, आणि सिलिंडर दाराजवळ असला की माणूस आपोआप दाराकडेच येतो. दांडी छातीच्या उंचीवर, जड बाटली थोडी खाली. जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी लागून तळाची कड आधी गंजते. उन्हात आणि भट्टीजवळही नको. लेबलवर तापमानाची मर्यादा छापलेली असते.

सणासुदीला माल वाढतो आणि पहिली झाकली जाते ती हीच जागा. खाली जमिनीवर लाल रंगाचा चौकोन रंगवून घ्या, त्यात काही ठेवायचं नाही असा नियम करा. मी सांगितलेल्या सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकाऊ ठरलाय.

जिथे कामगार दुकानातच झोपतात तिथे आणखी एक बोलायला हवं. १८ डिसेंबर २०१७ ला पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानात आग लागून १२ कामगार गेले. ९ मे २०१९ ला पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानात ५ जण गेले, तिथलं दार बाहेरून बंद होतं. अशा ठिकाणी कितीही सिलिंडर लावा, आतून उघडणारं दार नसेल तर त्यांचा उपयोग नाही. माणसं आत असताना शटरला बाहेरून कुलूप लावू नका. आधी ते, मग सिलिंडर.

दर महिन्याची पाच मिनिटं

एका माणसाचं नाव ठरवा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हटलं की कुणीच ठेवत नाही. दिवसही ठरवा, पगाराचा दिवस सोयीचा, विसरला जात नाही. प्रत्येक सिलिंडरच्या मानेला एक पुठ्ठ्याचं कार्ड दोऱ्यानं बांधा, तारीख आणि सही त्यावर. मग हे करा:

- हुकावरून काढा. एवढ्यानंच अर्ध्या अडचणी उघड होतात.
- काटा हिरव्यात आहे का बघा. काचेवर बोटानं टिचकी मारा, अडकलेला काटा हलतो.
- पिन सरळ आहे, प्लॅस्टिकचं सील शाबूत आहे. पिन तारेनं आवळून बांधलेली दिसली तर तार काढा. पोरं खेळतात म्हणून बांधलेली तार ऐन वेळी सुटत नाही.
- नळी वाकवून भेगा बघा. तोंडात डोकावा. आपल्याकडे कुंभारीण माशी नोझलमध्ये मातीचं घर बांधते, आणि वाळलेली ती माती बुचासारखी घट्ट बसते. काडीनं साफ करा.
- पावडरचा असेल तर उलटा धरा, तळावर हाताच्या मुठीनं दोन-चार ठोके द्या. आतून पावडर वाळूसारखी घसरल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. पावसाळ्यात हे चुकवू नका.
- तळाची कड आणि वेल्डिंगची शिवण यांवर गंज बघा. रत्नागिरी, मालवण, गोव्यात खाऱ्या हवेनं रंगाखालून गंज चढतो, फुगलेला रंग म्हणजे खाली गंज आहे असं समजा.

सीओटूला काटाच नसतो. त्याला वजनच करावं लागतं. रिकाम्या बाटलीचं वजन मानेजवळ ठोकलेलं असतं, त्यात वायूचं वजन मिळवा आणि बाटली वजनकाट्यावर चढवून ताडून बघा. हॉर्न-नळी त्या आकड्यात धरली आहे की नाही ते पुरवठादाराकडून एकदाच विचारून कार्डावर लिहून ठेवा. वायू दहा टक्के किंवा जास्त घटला, म्हणजे साडेचार किलोला साडेचारशे ग्रॅमची तूट दिसली, की भरायला द्यायचा. वजन दर सहा महिन्यांनी केलं तरी चालतं. किराणा दुकानात वजनकाटा समोरच असतो आणि तरीही हा सिलिंडर वर्षानुवर्षं त्यावर चढत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

रिफिलिंग आणि प्रेशर टेस्ट

एजन्सीचा माणूस येतो, बाटली पुसतो, स्टिकर बदलतो, बिल देतो. सगळेच असं करत नाहीत, पण करणारे आहेत. एका ठिकाणी मी 'काल भरलेला' सिलिंडर वजन करून पाहिला तेव्हा तो लेबलवरच्या वजनापेक्षा दोन किलोंनी हलका होता.

म्हणून भरून आल्यावर समोर वजन करा आणि लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. बाटलीचा अनुक्रमांक आधीच लिहून ठेवा म्हणजे तुमचीच बाटली परत येते. एबीसी पावडर आयएस १४६०९ मानकाची आहे असं बिलावर लिहून घ्या. सिलिंडर नेले तेवढे दिवस बदली सिलिंडर ठेवायला सांगा, ही मागणी रास्त आहे आणि चांगली एजन्सी ती लगेच मान्य करते.

पावडरच्या बाटलीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, साधारण ३ वर्षांनी आणि सीओटूची ५ वर्षांनी करतात. टेस्टची तारीख बाटलीवर दिसली पाहिजे. १० वर्षं झालेली पावडरची बाटली रंग मारून परत वापरू नका, दाबाखालची गंजलेली बाटली फुटली तर ती धरणाऱ्याचाच जीव घेते.

भरायला द्यायच्या आधीच्या संधीबद्दल खास सांगतो. पावडर काढून टाकायचीच आहे, तर मोकळ्या मैदानात, तज्ज्ञ माणसाच्या देखरेखीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये छोटी आग करून कामगारांनाच तो वापरू द्या. आयुष्यात एकदा पिन ओढलेला माणूस आणि कधीच न ओढलेला माणूस यांच्यात फार फरक असतो. १४ एप्रिलपासून आपल्याकडे अग्निशमन सप्ताह पाळतात, १९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात आग विझवणारे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत. सराव त्याच आठवड्यात ठेवा.

कागदपत्रं

राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार अग्निसुरक्षेची साधनं चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. जागा भाड्याची आहे म्हणून भाडेकरू सुटत नाही. ज्या इमारतींना कायदा लागू होतो त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्मचं, म्हणजे साधनं चालू स्थितीत असल्याचं, प्रमाणपत्र घेऊन द्यावं लागतं. सोसायटीच्या इमारतीत गाळा असेल तर सोसायटीच्या बी फॉर्ममध्ये तुमच्या गाळ्यातली साधनं तपासली जातात की नाही, ते सेक्रेटरींना विचारा. सहसा ही तपासणी जिन्यापर्यंतच थांबते. मासिक कार्डांचे फोटो, बिलं, टेस्टची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये आणि तिची प्रत घरी. दुकानातच ठेवलेली फाइल दुकानाबरोबर जळते.

वापरायची वेळ आली तर

पहिलं ओरडा, माणसं बाहेर काढा, कुणाला तरी १०१ किंवा ११२ लावायला सांगा, मेन स्विच पाडा. आग कचऱ्याच्या डब्याएवढी आहे, पाठीमागे दार मोकळं आहे, धूर डोक्याच्या वर आहे, तरच सिलिंडर उचला. यातलं एक जरी नसेल तरी बाहेर पडा आणि मागे दार ओढून घ्या.

पिन ओढताना दांडी दाबून धरू नका, पिन अडकते. घाबरलेली माणसं हमखास हेच करतात. दोन-तीन मीटरवरून नळीचं तोंड ज्वाळेकडे नको, जे जळतंय त्याच्या बुडाशी धरा, दांडी दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरका. सीओटूला आणखी जवळ जावं लागतं. आग विझली तरी पाठ फिरवू नका, तोंड तिकडेच ठेवून उलट पावली मागे या. सिलिंडर संपला आणि आग उरली, तर दुसरा शोधत बसायचं नाही.

आणि दोनच सेकंद मारलेला सिलिंडर परत हुकाला टांगू नका. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेले असतात, आज हिरव्यात असलेला काटा रात्रीतून उतरतो. बाटली आडवी ठेवा, कार्डावर 'वापरलेला' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच दिवशी भरायला पाठवा.